परभूमीतील सेवा आणि आजारपण : महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचा विचार सामान्यतः धर्मप्रसार, शिक्षण, मुद्रण आणि समाजसुधारणा या चार अंगांनी केला जातो. या चारही अंगांना व्यापून राहिलेला आजारपणाचा घटक मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहतो. प्रस्तुत लेखात सोळाव्या शतकातील समुद्रप्रवासापासून आजच्या उपनगरी मुंबईपर्यंतच्या काही निवडक उदाहरणांच्या आधारे या घटकाचे विवेचन केले आहे. आजारपणाने मिशनकार्यात केवळ खंड पाडला नाही, तर त्याची केंद्रे, नियम आणि संस्था यांनाही आकार दिला. त्याचबरोबर सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यातील नाते उलटे करून मिशनऱ्याचे स्थानिक माणसांवरील अवलंबित्व उघड केले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अमेरिकन मराठी मिशन, पटकी, हवापालट, वैद्यकीय मिशन, साष्टी, परस्परावलंबन

प्रस्तावना

अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, संगणक आणि जवाहिराच्या कारखान्यांच्या गर्दीत, एका जुन्या चर्चचे छप्पर नसलेले अवशेष उभे आहेत. कोंडिविटे गावातील हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज अमदानीत जेझुइट धर्मगुरूंनी उभारले आणि १५७९ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. सुमारे अडीच शतके ते नांदते होते. १८४० मध्ये गावात साथ पसरली, वस्ती उठली आणि चर्चही सोडून द्यावे लागले. तेथील मूर्ती, बाप्तिस्म्याचे कुंड इत्यादी वस्तू मरोळ येथील नव्या चर्चमध्ये हलविण्यात आल्या. पुढे १९७३ मध्ये त्या परिसरात सीप्झची स्थापना झाली आणि ही वास्तू कुंपणाच्या आत गेली.

या अवशेषांकडे पोर्तुगीज वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहिले जाते. परंतु दुसऱ्याही एका अर्थाने ते बोलके आहेत. धर्मोपदेशकांनी बांधलेली वास्तू राज्यक्रांतीने वा धर्मयुद्धाने ओस पडली नाही, ती रोगाने ओस पडली. महाराष्ट्रातील मिशनकार्याच्या इतिहासात रोगाचे हे सामर्थ्य वारंवार प्रत्ययास येते. मिशनऱ्यांच्या धर्मांतरविषयक हेतूंवर एकोणिसाव्या शतकातच बाळशास्त्री जांभेकर, विष्णुबुवा ब्रह्मचारी आदींच्या काळात मोठे वाद झाले. ते वाद महत्त्वाचे असले तरी प्रस्तुत लेखाचा तो विषय नाही. परक्या भूमीवर आजारी पडलेल्या माणसाचे आणि त्याच्या कार्याचे काय होते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

१. समुद्रप्रवास : पहिली कसोटी

मिशनऱ्याच्या आजारपणाचा आरंभ पुष्कळदा भारतीय किनारा दिसण्यापूर्वीच होत असे. कोंडिविट्याचे चर्च खुले झाले त्याच वर्षी, म्हणजे १५७९ च्या एप्रिलमध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट लिस्बन बंदरातून निघाला आणि ऑक्टोबरअखेरीस गोव्यास पोहोचला. पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचून मराठी वाङ्मयात चिरस्थान मिळविणारे फादर स्टीफन्स ते हेच. गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या सहा-सात महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन केले आहे. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस जण मरण पावले. हिरड्या सुजत, त्यांचे मांस कापून टाकावे लागे, पाय सुजत आणि सर्वांग ठणके. विशेष म्हणजे, पूर्वीच्या सफरींच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असेही त्या पत्रात नमूद आहे.

हा रोग म्हणजे स्कर्व्ही होय. ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने शरीरातील ‘क’ जीवनसत्त्व संपुष्टात येते, ऊतींना बांधून ठेवणारे द्रव्य तयार होत नाही, परिणामी हिरड्यांतून व त्वचेखाली रक्तस्राव होतो. लिंबूवर्गीय फळांनी तो बरा होतो हे जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यवैद्याने १७४७ मध्ये प्रयोगाने दाखविले. म्हणजे स्टीफन्स यांच्या प्रवासानंतर दीडशेहून अधिक वर्षे या ज्ञानासाठी जावी लागली. स्टीफन्स मात्र या प्रवासातून वाचले आणि १६१९ पर्यंत, चाळीस वर्षे, त्यांनी गोवा व परिसरात वास्तव्य केले. ‘क्रिस्तपुराणा’च्या निर्मितीमागे एका जहाजावरील जगण्या-मरण्याचा हा योगायोग आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

२. अमेरिकन मराठी मिशन : पहिली तेरा वर्षे

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे आगमन झाले. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ झाला. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल हे १८१४ मध्ये येऊन मिळाले. न्यूएल एकटेच आले. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात राहण्यास मनाई केल्याने ते पत्नीसह मॉरिशसच्या दिशेने निघाले होते. वाटेत जहाजावर त्यांची पत्नी हॅरिएट प्रसूत झाली, काही दिवसांतच बालिका दगावली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी क्षयाने हॅरिएटचाही अंत झाला. तेव्हा तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. जेथे सेवा करावयाची ती भूमी गाठण्यापूर्वीच तिची सेवा संपली.

१८१३ ते १८२६ या तेरा वर्षांत बोर्डाने मुंबईस पाठविलेल्या धर्मोपदेशकांची संख्या सात होती. त्यांचे पुढे काय झाले हे पाहिल्यास आजारपणाचा वाटा स्पष्ट होतो. नॉट हे यकृताच्या विकारामुळे १८१५ मध्ये मायदेशी परतले. होरेशियो बार्डवेल यांनाही १८२१ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव परतावे लागले. न्यूएल ३० मे १८२१ रोजी पटकीने मरण पावले. जॉन निकोल्स डिसेंबर १८२४ मध्ये आणि एडमंड फ्रॉस्ट ऑक्टोबर १८२५ मध्ये निवर्तले. हॉल यांचा मृत्यू २० मार्च १८२६ रोजी झाला. अशा रीतीने सातांपैकी चार मृत्युमुखी पडले, दोन परतले आणि अ‍ॅलन ग्रेव्हज हे एकटे उरले. त्यांनाही पुढे १८३२ मध्ये प्रकृतीसाठी अमेरिकेस जावे लागले.

या काळात मिशनची केंद्रे मुंबई बेटापुरती मर्यादित नव्हती. ग्रेव्हज माहीम येथे आणि निकोल्स ठाणे येथे राहत. या दोन टोकांच्या मध्ये पसरलेला साष्टी बेटाचा भाग म्हणजेच आजची अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे. तेव्हा हा प्रदेश भातखाचरे, खाजणे, ताडबने आणि विखुरलेली गावठाणे यांचा होता. माहीमचा बंधारा १८४५ मध्ये झाला, तर ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी शीवच्या बंधाऱ्यावरून कुर्ल्यास आणि तेथून पुढे भांडुप-मुलुंडच्या बाजूने ठाण्यास जावे लागे. पावसाळ्यात साचणारे पाणी आणि दलदल यांमुळे हिवतापास येथे अनुकूल परिस्थिती होती. त्याचा प्रसार डासांमार्फत होतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे केलेल्या संशोधनानंतर सिद्ध झाले. तोपर्यंत दलदलीतून उठणारी दूषित हवा हेच तापाचे कारण मानले जाई.

३. गॉर्डन हॉल यांचा अखेरचा प्रवास

पटकीची पहिली मोठी साथ १८१७ मध्ये बंगालमध्ये उद्भवली आणि १८१८ मध्ये मुंबईत येऊन पोहोचली. त्यानंतरची अनेक वर्षे ती पश्चिम भारतात ठाण मांडून होती. हॉल व न्यूएल यांनी भारतात येण्यापूर्वी फिलाडेल्फिया येथे काही काळ वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे ते प्रवासात औषधे जवळ बाळगीत.

मार्च १८२६ मध्ये हॉल मुंबईहून नाशिककडे गेले. नाशिकमध्ये त्या वेळी पटकीने थैमान घातले होते. हॉल यांनी आपल्याजवळील औषधे रुग्णांना वाटली आणि ती संपत आल्यावर परतीचा मार्ग धरला. त्यांच्यासोबत दोन ख्रिस्ती मुले होती. वाटेत एका गावी रात्री देवळाच्या ओसरीवर त्यांनी पथारी टाकली. पहाटे चारच्या सुमारास त्यांना पटकीचा झटका आला आणि सुमारे आठ तासांत त्यांचा अंत झाला. सोबतच्या मुलांनी त्यांचा देह कांबळ्यात गुंडाळून, शवपेटीवाचून, तेथेच दफन केला. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली, तो त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

या घटनेचा करुण भाग एवढ्यावर संपत नाही. मुलांच्या प्रकृतीसाठी हॉल यांच्या पत्नी दोन मुलांसह १८२५ मध्ये अमेरिकेस निघाल्या होत्या. त्यांपैकी एक मूल वाटेतच दगावले. पती भारतात आणि पत्नी अमेरिकेत असताना पतीच्या मृत्यूची वार्ता शिडाच्या जहाजाने कित्येक महिन्यांनी पोहोचावयाची, अशी ही परिस्थिती होती. परदेशातील आजारपणात रोगाइतकेच अंतरही घातक असते, याचे हे उदाहरण होय.

वैद्यकीय दृष्टीने पाहता हॉल यांचा मृत्यू टाळता येण्याजोगा होता, परंतु त्या काळातील औषधांनी नव्हे. तत्कालीन डॉक्टर पटकीवर पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल व अफूचा अर्क देत आणि काही वेळा रक्तही काढीत. रोगाचे मर्म मात्र वेगळेच होते. पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात, त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने बाहेर पडतात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत द्रव निघून जाऊ शकतो आणि काही तासांत रक्ताभिसरण कोलमडते. अशा रुग्णाचे रक्त काढणे वा त्याला पारा देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या अधिक जवळ नेणेच होते. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी दूषित पाण्याशी पटकीचा संबंध दाखविला आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तिच्या जंतूची ओळख पक्की केली. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचे साधे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले. हॉल यांच्या औषधपेटीत नसलेली वस्तू गावातील प्रत्येक स्वयंपाकघरात होती. फक्त ज्ञान नव्हते.

४. हवापालट आणि केंद्रांचे स्थलांतर

रोगाचे कारण हवेत आहे अशी समजूत असल्याने त्यावरील उपायही हवेतच शोधला गेला. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे आरोग्यधाम वसविण्यात आले. ग्रेव्हज यांची प्रकृती खालावल्यावर त्यांनी महाबळेश्वरास राहून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले. तेथेच डिसेंबर १८४३ मध्ये त्यांचे निधन झाले. फिरतीचा उपदेश अशक्य झालेल्या मिशनऱ्याने लेखणी हाती घ्यावी, असा हा क्रम आहे. प्रारंभीच्या मराठी गद्याचा काही भाग अशा रीतीने रुग्णशय्येच्या आसपास घडला, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

केंद्राची निवड करतानाही आरोग्याचा विचार होई. कोकणपट्टीच्या दमट हवेपेक्षा दख्खनच्या पठाराची कोरडी हवा मानवते, अशी तत्कालीन युरोपीय-अमेरिकनांची धारणा होती. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्हे यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र सुरू केले. हर्व्हे यांच्या पत्नी एलिझाबेथ मुंबईत आल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, मे १८३१ मध्ये, वारल्या होत्या. अहमदनगरची हवा चांगली होती, परंतु मे १८३२ मध्ये स्वतः हर्व्हे पटकीने तेथेच मरण पावले. हवा बदलली तरी पाणी तेच होते. हवेच्या सिद्धान्ताची मर्यादा येथे उघड झाली, परंतु ती ओळखण्यास आणखी अर्धे शतक लागले.

स्कॉटिश मिशनचा अनुभव याहून वेगळा नव्हता. त्या मिशनचे पहिले प्रतिनिधी डोनाल्ड मिचेल १८२३ च्या प्रारंभी आले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कोकणात मरण पावले. मराठीवर असामान्य प्रभुत्व असलेले रॉबर्ट नेस्बिट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या वास्तव्यानंतर जुलै १८५५ मध्ये मुंबईत पटकीला बळी पडले. म्हणजे ‘हवेची सवय’ झाल्याने माणूस सुरक्षित होतो, ही समजूतही खरी नव्हती.

५. स्त्रिया : दुहेरी भार

मिशनऱ्यांच्या पत्नींच्या वाट्याला हवामान व साथी यांच्या जोडीला बाळंतपणे आणि अपत्यांचे मृत्यू आले. डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आल्या. त्यांनी मराठी आत्मसात करून मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवी येथील सेंट कोलंबा शाळेची परंपरा त्यांच्याच कार्यापर्यंत जाते. १९ एप्रिल १८३५ रोजी, मुंबईत येऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना, त्यांचे निधन झाले.

सिंथिया फरार या अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या आद्य अविवाहित स्त्री मिशनऱ्यांपैकी एक होत. त्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३७ मध्ये प्रकृतीसाठी मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परत येऊन अहमदनगर येथे कार्य करू लागल्या. जोतीराव फुले यांनी मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेला भेट दिली होती आणि मुलींच्या शिक्षणाच्या त्यांच्या विचारास त्यातून चालना मिळाली, हे सर्वश्रुत आहे. १८३७ मध्ये गेलेल्या फरार परतल्या नसत्या, तर अहमदनगरची ती शाळा कोणत्या स्वरूपात राहिली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यांचे निधन १८६२ मध्ये अहमदनगर येथे झाले.

६. परतावे की राहावे?

आजारी मिशनऱ्यापुढील सर्वांत कठीण प्रश्न वैद्यकीय नव्हता, नैतिक होता. आयुष्यभरासाठी दिलेले वचन आजारपणात मोडता येते काय? तत्कालीन चरित्रग्रंथांनी कार्यभूमीवरील मरणाला हौतात्म्याचे वलय दिले. हॅरिएट न्यूएल यांचे चरित्र अमेरिकेत घरोघरी वाचले गेले आणि त्यातून अनेक तरुण-तरुणींना प्रेरणा मिळाली. परतणाऱ्याला मात्र असे वलय लाभत नसे. हॉल यांचे बरोबरीचे सहकारी नॉट १८१५ मध्ये परतले आणि त्यानंतर चौपन्न वर्षे, म्हणजे १८६९ पर्यंत जगले. ते परतले नसते तर त्यांचेही नाव मृतांच्या यादीत गेले असते, असे मानण्यास जागा आहे. मरणाला थोरवी आणि जगण्याला संशय, ही त्या काळातील मिशन-वाङ्मयाची एक उणीव म्हणावी लागेल.

कालांतराने हा दृष्टिकोन बदलला. आजारी पडण्यापूर्वीच ठरावीक वर्षांनी मायदेशी विश्रांतीस पाठविण्याची पद्धत मिशन संस्थांमध्ये रूढ झाली. परंतु उशिरा घेतलेली रजा कामी येत नसे. ‘ज्ञानोदय’चे संपादन करणारे रॉबर्ट विल्सन ह्यूम प्रकृती ढासळल्यावर अमेरिकेस निघाले आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये समुद्रावरच वारले. अहमदनगर येथे तीस वर्षे कार्य केलेले आणि ‘ज्ञानोदय’चे आद्य संपादक हेन्री बॅलंटाईन यांचाही १८६५ मध्ये परतीच्या समुद्रप्रवासात अंत झाला. ह्यूम यांची मुले मात्र अमेरिकेत वाढून पुन्हा महाराष्ट्रात आली. त्यांपैकी रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी अहमदनगर येथे दुष्काळनिवारणाचे मोठे कार्य केले आणि एडवर्ड ह्यूम यांनी मुंबईत भायखळ्यास शाळा चालविली. आजारपणाने तोडलेला धागा दुसऱ्या पिढीने असा जोडला.

७. शुश्रूषा करणारे हात

वरील उदाहरणांत एक बाब समान आहे. आजारी मिशनऱ्याजवळ अखेरच्या क्षणी बोस्टनचे वा एडिंबरोचे कोणी नव्हते, किंवा असलेच तर एक-दोघे होते. पाणी देणारे, डोली उचलणारे, रात्र जागविणारे आणि प्रसंगी खड्डा खणणारे हात येथील माणसांचे होते. जो ज्ञान व औषध ‘देण्यासाठी’ आला, तो आजारपणात ‘घेणारा’ झाला. हॉल यांनी नाशिकमध्ये अनोळखी लोकांना औषध दिले आणि दोन दिवसांच्या आत त्यांना स्वतःला एका हिंदू देवळाच्या ओसरीचा आणि दोन मुलांच्या हातांचा आधार घ्यावा लागला. प्रचलित वृत्तांतांत ती केवळ ‘दोन मुले’ म्हणून येतात. हॉल यांचे चरित्र लिहिले गेले, त्या मुलांना त्या रात्री काय वाटले असेल याची नोंद झाली नाही.

याला काही अपवादही आहेत. अहमदनगर केंद्राच्या प्रारंभापासून सहभागी असलेले बाबाजी हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ १८३३ मध्ये पटकीने वारले आणि हॉलिस रीड यांनी त्यांचे दोन खंडांत चरित्र लिहिले. एकाच गावी, एकाच रोगाने, एका वर्षाच्या अंतराने हर्व्हे आणि बाबाजी यांचा मृत्यू झाला. एकाच्या मृत्यूला परभूमीतील त्याग म्हटले गेले, दुसरा स्वतःच्याच भूमीत मरण पावला. रोगाच्या दृष्टीने दोघांत भेद नव्हता. हे लक्षात घेतले तर ‘मिशनऱ्यांचे आजारपण’ हा विषय केवळ परदेशी व्यक्तींच्या दुःखापुरता उरत नाही. तो त्यांच्यासोबत राहणाऱ्या, जोखीम पत्करणाऱ्या आणि बहुतांशी अनाम राहिलेल्या स्थानिकांचाही विषय ठरतो.

८. आजारपणातून वैद्यकीय मिशनकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यक हे मिशनकार्याचे स्वतंत्र अंग बनले. त्याची कारणे अनेक आहेत. जंतुशास्त्राची प्रगती, स्त्री डॉक्टरांचे आगमन, १८९६ पासूनची प्लेगची साथ व दुष्काळ ही त्यांपैकी काही होत. परंतु मिशनऱ्यांच्या स्वतःच्या आजारपणाचा अनुभवही त्यामागे होता. केवळ औषधपेटी जवळ असून भागत नाही, शल्यगृह, शुश्रूषा व स्वच्छ पाणी यांची कायम व्यवस्था लागते, हे या अनुभवाने शिकविले. डॉ. विल्यम वान्लेस हे कॅनडातील डॉक्टर १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरज येथे त्यांचे रुग्णालय सुरू झाले. १८९७ मध्ये तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू करण्यात आले. वान्लेस यांच्या पत्नी मेरी यांचे १९०६ मध्ये निधन झाले, परंतु रुग्णालयाचे काम थांबले नाही. पूर्वी एक माणूस आजारी पडला की केंद्र बंद पडण्याची वेळ येई. आता शिकविलेल्या स्थानिक परिचारिका व डॉक्टर यांच्यामुळे कार्य व्यक्तीवर अवलंबून राहिले नाही. ज्या स्थानिक हातांनी पूर्वी अप्रशिक्षित शुश्रूषा केली, त्यांनाच प्रशिक्षण व पद मिळाले, हा बदल महत्त्वाचा आहे.

९. आजचे संदर्भ

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले आणि त्यांची संख्या कमी होत गेली. आता प्रवाहाची दिशा बदलली आहे. भारतातील विविध धर्मसंघांचे सदस्य आफ्रिका, लॅटिन अमेरिका आदी ठिकाणी सेवेस जातात. त्यांच्यापुढील आजारपणाचे प्रश्न जुन्या प्रश्नांशी मिळतेजुळते आहेत. मलेरियाचे प्रमाण अल्प असलेल्या शहरात वाढलेल्या व्यक्तीच्या शरीरात त्या रोगाविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. त्यामुळे आफ्रिकेतील तीव्र प्रकारच्या मलेरियाचा तिला अधिक धोका असतो. पीतज्वराची प्रतिबंधक लस, मलेरियाविरोधी गोळ्या, मच्छरदाणी, आरोग्यविमा आणि वेळेवर परत आणण्याची सोय या गोष्टी आज उपलब्ध आहेत. परंतु परतणे म्हणजे पराभव ही जुनी भावना आणि मानसिक आजाराविषयीचा संकोच या दोन बाबींवर कोणतीही लस नाही. आजार लपवून काम रेटण्याची वृत्ती सेवाभावातून येत असली, तरी तिचा भार अखेरीस भोवतालच्या लोकांवरच पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, आजारपण हा महाराष्ट्रातील मिशनकार्याचा आनुषंगिक नव्हे तर घटक-भाग होता. केंद्रांची निवड, रजेचे नियम, भाषांतराचे काम आणि रुग्णालयांची उभारणी यांवर त्याचा प्रभाव पडला. दुसरा, त्या काळातील बहुसंख्य मृत्यू अज्ञानामुळे ओढवले. धैर्य पुरेसे होते, पण पाण्याविषयीचे ज्ञान नव्हते. तिसरा, आजारपणाने मिशनरी आणि स्थानिक समाज यांच्यातील दाता-याचक हे नाते पालटले आणि त्यातून परस्परावलंबनाची एक बाजू उघड झाली. या बाजूचा स्थानिकांच्या दृष्टीने अभ्यास होणे अद्याप बाकी आहे.

कोंडिविट्याच्या त्या ओस चर्चपासून थोड्याच अंतरावर, अंधेरी पूर्वेतच महाकाली गुंफा मार्गावर, होली स्पिरिट रुग्णालय आहे. नेदरलँड्समधील स्टाइल येथे १८८९ मध्ये स्थापन झालेल्या भगिनीसंघाने ते १९६७ मध्ये सुरू केले. एका साथीने रिकामी केलेली वास्तू आणि सर्व धर्मांच्या रुग्णांनी भरलेली वास्तू अशा दोन्ही एकाच परिसरात उभ्या आहेत. त्या दोहोंमधील अंतर पायी तोडता येते, परंतु ते तोडण्यास मिशनच्या इतिहासाला सव्वाशे वर्षे लागली. त्या वाटेवर मरण पावलेल्यांत परदेशी होते तसे येथलेही होते. त्यांची आठवण एकत्रच ठेवली जावी, हे न्यायाचे ठरेल.